तुझे तीन चुकीचे पर्याय

मालन, तुझ्या दहाव्याला जेवढी माणसं आली तेवढी माझ्या निवृत्तीच्या समारंभालाही आली नव्हती, आणि तिथे तर जेवणात बासुंदी होती. साताऱ्याहून सकाळची पहिली गाडी पकडून मी सांगलीला आले, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उतरले, ती गर्दी पाहिली आणि माझ्या मनात सगळ्यात आधी हे आलं. तुझ्यासाठी रडायला आलेली मी, घाटावर उभी राहून तुझी माणसं जास्त की माझी याचा विचार करत होते. आता तुला सांगायला काय हरकत आहे? बी.एड.ला एका बाकावर बसलो तेव्हापासून मी तुझ्यावर जळत आले. ते तुला ठाऊक नव्हतं असं मानण्याइतकी मी भोळी नाही.

कोण कोण आलं होतं म्हणून सांगू! तुझ्या हाताखाली शिकलेली परिचारिका आली होती, ती ड्युटीवरून तशीच, गणवेशात. रजेवर आलेले दोन जवान होते. हळदीच्या पेठेतला एक व्यापारी होता, त्याला तू सातवीत दोनदा इंग्रजीत नापास केलं होतंस म्हणे, आणि तो ते असं सांगत होता जसं काही तू त्याला बक्षीस दिलंस. मी पस्तीस वर्षं साताऱ्यात शिकवलं, एकाही पोराला अन्यायाने नापास केलं नाही. पण रस्त्यात भेटलेला विद्यार्थी मला नमस्कार करतो आणि पुढे जातो. तुझ्याजवळ पोरं थांबायची.

तेवढ्यात एक तरणा पोलीस शिपाई माझ्यापाशी आला. म्हणाला, "मॅडम, पुस्तकावर नाव हाय त्या विद्याबाई तुमीच न्हवं? तुमच्या पुस्तकावर अभ्यास करून आमी खात्यात लागलो. प्रश्न सोपा वाटायचा ओ, पर चारी पर्याय बरोबरच दिसायचे. कशावर फुली मारायची कळायचंच न्हाई, नुसता घाम फुटायचा. ते चुकीचे पर्याय तुमाला सुचायचे तरी कसे?"

तुझ्या दहाव्याला, तुझ्या घाटावर, तुझ्या कामाची ती स्तुती होती. त्या पुस्तकातला एकेक चुकीचा पर्याय तुझा आहे हे माहीत असलेली माणसं त्या घाटावर फार नव्हती. मी होते त्यांतली एक.

मी म्हणाले, "धन्यवाद."

तू त्या कामात कशी ओढली गेलीस ते आठवतं का? आपले प्रकाशक आबा त्या वेळी गाइडं छापायचे, आणि त्यांना इंग्रजीचं असं पुस्तक हवं होतं ज्यात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतील. मी एकेका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचे, बरोबर उत्तर लिहायचे, आणि त्याखाली तीन चुकीची उत्तरंही मीच लिहायचे. पहिल्या रविवारी मी तुला माझ्या चिठ्ठ्या दाखवल्या. 'हार्डली', म्हणजे जेमतेम, या शब्दाचा अर्थ विचारला होता आणि चुकीचे पर्याय दिले होते 'हिरवा', 'पळणे' आणि 'परवा'. तू चिठ्ठी हातात धरून इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"विद्याबाई, ह्ये पर्याय हायत का वाणसामान? ह्येला तर म्हसबी तोंड लावायची न्हाई. पोरगं बघताक्षणी तिन्हीवर काट मारंल आणि काय बी न शिकता मार्क घिऊन जाईल."

"मग तू लिही," मी म्हणाले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"लिहितो की. मला काय धाड भरलीय?" कडेगावच्या मातीतली तू, बाई असून 'लिहितो', 'जातो', 'येतो' म्हणायचीस. मी वाईची. ते कानाला इतकी वर्षं खटकत राहिलं, आणि आता ते कानावर पडणार नाही म्हणून जीव कासावीस होतो, हेही खरंच.

तू पिशवीतून ती लाल पुठ्ठ्याची वही काढलीस. त्यात तू पोरांच्या चुका लिहून ठेवल्या होत्यास, बरोबर उत्तरं एकही नाही. चूक, पोराचं नाव, आणि पुढे एका ओळीत ती चूक का झाली ते. 'हार्डली' समोर 'खूप कष्टानं' असं होतं, आणि पुढे लिहिलं होतंस, आईबाप उसाच्या फडात तोडीला, दुसरं काय लिहील? तू तोच पर्याय माझ्या चिठ्ठीवर उतरवलास. मग दुसरा, मग तिसरा. मी वाचलं आणि माझाच गोंधळ उडाला, कारण क्षणभर मलाही ते खरे वाटले. त्या दिवशी तू मला तुझा नियम सांगितलास. "एक बी पर्याय बिनपोराचा नको. चुकल्यालं कुनीतरी खरं माणूस त्येच्या मागं उभं पायजे."

तिथून पुढे आपली वाटणी ठरली. प्रश्न आणि बरोबर उत्तर माझं, चुकीचे तीन तुझे. एका रविवारी मी सांगलीला, एका रविवारी तू साताऱ्याला. मोबाइल आले तेव्हा चिठ्ठ्यांचे फोटो पाठवायला लागलो, पण तू ते उघडायचीस दोन-दोन दिवसांनी आणि वर मलाच म्हणायचीस, तुझा फोटो अंधूक होता. वेळेवर तू कधीच काही दिलं नाहीस. एखादं हुशार पोर तुझ्या पर्यायाला फसलं की वर्गातच टाळी वाजवून "पडलं! पडलं!" म्हणायचीस, ते मला क्रूर वाटायचं. तुझी पोरं मात्र फसल्यावर तुझ्याबरोबर हसायची. माझ्या वर्गात चुकलेलं पोर खाली मान घालून बसायचं. मी कधी कुणाला रागावले नाही, तरीसुद्धा.

बरोबर उत्तर मला यायचं गं. ते मला नेहमीच आलं. पण मूल कुठून निघून कुठल्या वळणावर चुकलं हे तुला दिसायचं आणि मला दिसायचं नाही. त्या एका गोष्टीपुढे माझी एम.ए.ची पदवी मला फुकटची वाटायची. मी खूप प्रयत्न केला. तुझ्यासारखी वही घातली. पहिल्या पानावर सात चुका लिहिल्या आणि त्या का झाल्या ते मला लिहिता येईना. ती वही मी पुढे दुधाच्या हिशेबाला वापरली.

आता त्या पहिल्या पुस्तकाचं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून नीट सांगते.

पुस्तक छापायला जायच्या आधी आबांनी मला फोन केला. म्हणाले, "मुखपृष्ठाची जुळणी चाललीया. दोन्ही नावं टाकायची न्हवं? मालनबाईंच्या संस्थेची परवानगी लागंल तेवढी, त्यास्नी इचारून सांगा." तुमच्या संस्थेचा नियम होता की शिक्षकाने बाहेर पुस्तक काढायचं तर लेखी परवानगी घ्यायची. माझ्या संस्थेचाही होता, मी ती आधीच घेऊन ठेवली होती.

मी तुला विचारलं नाही. फोन हातात असतानाच मी आबांना म्हणाले, "नियमामुळे तिचं नाव देता यायचं नाही. त्यांची संस्था परवानगी देत नाही कुणाला." आणि पुढच्या रविवारी तुला सांगितलं की आबा म्हणतात, एकाच नावाचं पुस्तक जास्त खपतं. दोन वाक्यं. एक तिकडे, एक इकडे. एवढ्यात काम झालं. विचारायचा प्रश्नच मी शिल्लक ठेवला नाही, त्यामुळे तुला हो म्हणायची वेळही आली नाही आणि नाही म्हणायचीही.

तू तेव्हा भडंगात कांदा कालवत होतीस. म्हणालीस, "आसूंदे की. पोरास्नी नावाशी काय देणंघेणं?" आणि वाटी माझ्यापुढे सरकवलीस. मी ते खाल्लं. मला वाटलं होतं तू फुरंगटशील, दोन शब्द बोलशील, निदान एक रविवार येणार नाहीस. तू काहीच केलं नाहीस आणि मला त्याचाही राग आला. म्हणजे बघ, तुझी वस्तू घेतली आणि तुला तिचं काही वाटत नाही म्हणून परत तुझ्यावरच जळले.

आवृत्त्या निघत गेल्या. प्रत्येक वेळी मनात यायचं की आता आबांना सांगावं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर आधीचं का नाही असं विचारतील. मग मी तुला साडी घ्यायचे. तुझ्या कपाटातल्या माझ्या साड्या आठव मालन. प्रत्येक आवृत्तीला एक आहे.

आता गेल्या दिवाळीच्या सुट्टीतलं आपलं भांडण. ते तसंच अर्धवट राहिलं आहे, आणि तुझ्या जाण्यानंतर मी तेच पुन्हा पुन्हा मनात घोळवते आहे.

नव्या आवृत्तीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अवघड क्रियापदं घालायची होती. मी 'प्रिक्लूड' घेतलं. चिठ्ठीवर अर्थ लिहिला, वगळणे. तुझ्याकडे दिली. तू चष्मा लावून वाचलीस आणि परत माझ्या हातात ठेवलीस.

"पर्याय?" मी विचारलं.

"पर्याय काय लिहू? ह्यात बरोबर उत्तरच चुकल्यालं हाय."

इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तुझा प्रांत चुकीच्या उत्तरांचा. बरोबर उत्तर माझं होतं, तेवढंच तर माझं होतं, आणि तू तिथेही आलीस. मी शब्दकोश उघडला. तू कोश मिटवलास.

"आगं, वगळणं म्हंजी एलिमिनेट. चार पर्याय समोर हायत, आपण एकेकावर फुली मारतो. ज्येच्यावर फुली मारली त्यो हुता की नव्हता? हुता. कागदावर दिसतोय अजून. आता प्रिक्लूड बघ. जेवायला बसल्यालं माणूस पंगतीतनं उठवलं, त्ये एलिमिनेट. आणि त्येला आवतणच धाडलं न्हाई, त्ये प्रिक्लूड. उठीवल्यालं समद्या गावाला दिसतं. न बोलीवल्यालं कुणाला दिसतंय?"

"मग अर्थ काय लिहायचा?"

"आधीच वाट बंद करणे."

बरोबर होतं. तुझी पंगत माझ्या कोशापेक्षा बरोबर होती, आणि ते मला सहन होईना. म्हणून मी वापराचा मुद्दा काढला. म्हटलं, या क्रियापदाचा कर्ता सहसा माणूस नसतो. नियम असतो, आजार असतो, अंतर असतं. प्रकृतीमुळे प्रवास शक्य झाला नाही, नियमामुळे नेमणूक होऊ शकली नाही, अशी वाक्यं होतात. तू चष्मा काढलास.

"आणि नियमाच्या मागं दडून उभं ऱ्हायल्यालं माणूस? त्येला वाक्यात कुठं बसवायचं, विद्ये?"

"मालन, आपण भाषा शिकवतोय. भांडत नाही."

"भांडतंय कोण? मी इचारतोय."

मी पिशवी उचलली आणि पाचच्या गाडीने साताऱ्याला निघून आले. कराड येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. मला वाटत होतं की तू माझ्या इंग्रजीवर शंका घेतलीस म्हणून मी चिडले आहे. ती चिठ्ठी रागाच्या भरात तुझ्याकडेच राहिली. त्यावर वगळणे खोडून तू तुझ्या अक्षरात नवा अर्थ लिहिलास, मला फोटो पाठवलास, आणि खाली तीन ओळी कोऱ्या ठेवल्यास. मी फोटो पाहिला, उत्तर दिलं नाही.

पुढे तुझं पोट दुखायला लागलं, आणि मग सगळं फार भराभर झालं.

शेवटचं भेटायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. इतकी बारीक झाली होतीस की बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. खोलीत तुझ्या दोन विद्यार्थिनी होत्या, एक पाय चेपत होती, एक पाणी देत होती. मला वाटलं, मी आजारी पडले तर माझ्या पायाशी कोण बसेल? मरणाच्या दारात बसलेल्या मैत्रिणीचाही हेवा वाटू शकतो, हे मला तिथे कळलं. त्या दोघी बाहेर गेल्या तेव्हा मी सगळं बळ गोळा केलं. म्हटलं, "मालन, ते पहिल्या पुस्तकाच्या वेळी..."

"च्या घेतलास का गं?" तू विचारलंस.

"घेतला. मी काय म्हणते, त्या वेळी आबांनी..."

"मग परत घे. ए स्वाती, बाईंस्नी च्या ठेव. आलं घाल, त्यास्नी आलं लागतंय."

स्वाती आत आली. मग चहा आला, मग औषधाची वेळ झाली, मग तुला झोप लागली. मी परतीच्या गाडीत स्वतःची समजूत घातली की औषधांच्या गुंगीत तुला माझं बोलणं उमगलं नसेल. खरं सांगू? मला जरा सुटल्यासारखंही वाटलं होतं.

घाटावरून तुझ्या घरी परत येऊन दहाव्याची जेवणं उरकल्यावर आबा काठी टेकत माझ्या शेजारी येऊन बसले.  मग म्हणाले, "आता सांगायला हरकत न्हाई बाई. मालनबाईंनी शब्द घेतला हुता माझा, पर त्या आता न्हाईत. पहिलं पुस्तक छापायच्या आदी त्या आलत्या माझ्याकडं, संस्थेचा परवानगीचा कागद घिऊन. मी म्हणलं, विद्याबाई तर म्हणल्या परवानगी मिळत न्हाई.  तर त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठिवला, आणि म्हणल्या, मग मिळाली न्हाई आसंच समजा आबा. विद्येला काय बोलू नगा."

मी विचारलं, "का?"

"मी बी इचारलं. म्हणल्या, तिला लय हौस हाय."

हौस! मालन, त्या एका शब्दाने मला जेवढं भाजलं तेवढं तुझ्या शिव्यांनी भाजलं नसतं. मी ते चोरलं आहे असं समजून इतकी वर्षं कुढले, साड्या घेतल्या, रात्री उठून पाणी प्यायले, आणि तू ते मला देऊन टाकलं होतंस. हौस आहे म्हणून. लहान मुलाच्या हातात आपलं खेळणं ठेवावं तसं. म्हणजे माझा गुन्हासुद्धा तुझ्या परवानगीने चालला होता.

मी तुझ्यावर चिडले आहे. तू ओरडायला पाहिजे होतंस. तो कागद माझ्या तोंडावर फेकायला पाहिजे होतास. मी नाही म्हटलं असतं, रडले असते, माफी मागितली असती, आपण सहा महिने बोललो नसतो आणि मग बोललो असतो. तू तसं काही घडूच दिलं नाहीस. मी कबूल करायला तोंड उघडलं तर तू चहा मागवलास. आवतण धाडलं नाहीस मला. पंगतीच्या गोष्टी सांगणारी तू, माझ्याशी तेच केलंस की गं. आणि तुझ्या बाजूने बोलायचं तर, मरणाऱ्या माणसाने का म्हणून दुसऱ्याचं ओझं उतरवून घ्यावं, हेही मला कळतं. दोन्ही कळतं आणि दोन्हीचा राग येतो.

निघताना मी तुझी लाल वही मागितली. नव्या आवृत्तीचे पर्याय पुरे करायचे होते, त्यासाठी. खरं तर मला ती हवी होती, कशासाठी का असेना. स्वातीने माझ्याकडे अवघडून पाहिलं. ती कडेगावला क्लास घेते, तुझ्या हाताखालची. म्हणाली, "बाई, वही मॅडमनी मला दिलीया."

"तुला?"

"मी म्हणलं हुतं त्यास्नी, विद्याबाईंना द्या म्हणून. तर म्हणल्या, विद्येला वहीचा काय उपेग? ती चुकत न्हाई."

ते तू कौतुकाने म्हणालीस का टोमण्याने, हे मी तिला विचारू शकले नाही. तिला तरी काय सांगता आलं असतं? मी गाडीत बसले. ती वही आता एका तिशीच्या पोरीकडे आहे, आणि साठी उलटलेली मी तिच्यावर जळते आहे. एवढं तरी माझ्यात काही बदललेलं नाही.

साताऱ्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. मुखपृष्ठावर दोन नावं टाका म्हटलं, मालनचं आधी. आणि आत एक पान घाला, त्यावर लिहा की या पुस्तकातले सगळे चुकीचे पर्याय मालनने लिहिले आहेत, पहिल्या आवृत्तीपासून. आबा म्हणाले, "बाई, लोकं इचारतील, आजवर का न्हाई लिवलं." मी म्हटलं, विचारू देत. म्हणायला सोपं होतं ते. फोन ठेवल्यावर मी तुझ्या नावाशिवाय छापलेलं पुस्तक घेऊन बसले आणि पानामागून पान उलटत गेले. कोणत्याही पानावर बोट ठेव, माणसं ज्याला नावाजतात ते सगळं तुझं. तुझं काढून घेतलं की माझ्याकडे उरतात बरोबर उत्तरं, आणि ती तर कुठल्याही कोशात सापडतात.

मग ती एक चिठ्ठी राहिली. प्रिक्लूडची. वर माझा प्रश्न, त्याखाली तुझ्या अक्षरात बरोबर उत्तर, आणि खाली तीन कोऱ्या ओळी. आबांना मी एवढंच सांगितलं होतं की एक चिठ्ठी यायची आहे; ते म्हणाले, गाळून टाकू. मी नाही म्हटलं. तीन दिवस त्या फोटोसमोर बसले. पहिल्या दिवशी जे सुचलं ते वाणसामानच होतं. वही नाही, पोरं नाहीत, वर्ग नाही. चुकलेलं माणूस आणू कुठून?

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, वगळणे. तेच माझं गेल्या दिवाळीतलं उत्तर, जे मी बरोबर समजून तुला दिलं होतं. मग लिहिलं, काळजी घेणे. प्रिकॉशन, म्हणजे खबरदारी, या शब्दाशी गल्लत करून पोरं ते निवडतील, पण मी ते त्यासाठी लिहिलं नाही. संस्थेत तुला त्रास होऊ नये म्हणून आपण तसं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणून लिहिलं. आणि तिसरा लिहिला, नियमाने मनाई करणे. सगळ्यात आधी माझ्या तोंडून तेच निघालं होतं, आबांशी फोनवर. तीन पर्याय, आणि तिन्हींच्या मागे एकच पोर उभी. चूक का झाली ते तू एका ओळीत लिहायचीस, तेही मला पहिल्यांदाच लिहिता आलं असतं. ते मी लिहिलं नाही. तुला माहीत आहे.

चांगले झाले होते, मालन. मला कळतं तेवढं. प्रत्येक पर्याय खरा वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन चुकीची उत्तरं अशी लिहिली होती की ती वाचून तूसुद्धा क्षणभर थबकली असतीस आणि मग टाळी वाजवून मला "पडलं!" म्हणाली असतीस.

ती चिठ्ठी मी नव्या कागदावर उतरवून आबांना पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. 

"बाई, शेवटची चिठ्ठी वाचली. बघा, जाता जाता सुदीक काय पर्याय लिवून गेल्यात मालनबाई! ह्ये दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई. त्यांचंच हाय न्हवं ह्ये?"

माझ्या जिभेवर आलं होतं. एकच तर होतं आयुष्यभरात. सगळ्या पुस्तकात ती तीन ओळींची जागा माझी, आणि मी तसं सांगितलं असतं तर आबांनी मानलंही असतं.

"हो," मी म्हणाले. "तिचंच आहे."

फार जीव जळला, मालन. अजून जळतो आहे.